लेकीला ब्रिटनचं वेड लागलंय आणि मला राग येतो

प्रिय ताई,
सा. न.

मी मूळची सांगलीकडची. लग्नानंतर अमेरिकेत आले, आता फिलाडेल्फियाजवळच्या एका उपनगरात राहते. माझी मुलगी अकरावीत आहे आणि तिला ब्रिटनचं अक्षरशः वेड आहे. जुने वाडे, बटलर, राजघराणं, खेडेगावातले खून आणि चहा पीतपीत ते उलगडणारे डिटेक्टिव्ह, केकच्या स्पर्धा, सगळंच. आता कॉलेजसाठी स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्रूजला जायचं म्हणते. तिच्या मैत्रिणी, त्यांच्या आया, सगळ्या याच नादात. माझे आजोबा पत्री सरकारात होते, येरवड्याचा तुरुंग भोगलेले. घरात राजा-राणीचं कौतुक सुरू झालं की माझ्या पोटात कालवतं. नवरा म्हणतो, वय आहे, जाईल निघून.

दुसरी गोष्ट ऑफिसातली. टीममध्ये लंडनहून आलेला एक सहकारी आहे. माणूस चांगला आहे. पण मी मांडलेला मुद्दा दहा मिनिटांनी त्याने मांडला की सगळ्यांना पटतो. मला ‘पुन्हा सांगशील का?’ विचारतात आणि त्याला ‘तुझं बोलणं ऐकतच राहावंसं वाटतं’ म्हणतात. ज्यांच्याशी लढून हा देश स्वतंत्र झाला, त्यांचं इथे एवढं कौतुक का? त्यात काही तथ्य आहे, की मीच आकसाने बघते? आणि मुलीला कसं समजावू?
— एक आई, पेनसिल्व्हेनिया

सप्रेम नमस्कार.

तुम्ही आकसाने बघत नाही. पण मुलीची आवड, ऑफिसातली अवहेलना आणि आजोबांचा तुरुंगवास हे सगळं तुमच्या मनात एकात एक मिसळलंय, आणि त्याचा भार त्या मुलीवर पडतोय. म्हणून तुमच्या थेट प्रश्नाचं उत्तर आधी देते.

ब्रिटनमध्ये कौतुक करावं असं पुष्कळ आहे. मात्र अमेरिकन लोक ज्यावर भाळतात ते बहुधा ते नसतं. ते ज्या ब्रिटनच्या प्रेमात पडतात तो बराचसा अमेरिकेच्या पैशावर उभा राहिलेला आणि अमेरिकेतल्या गिऱ्हाइकासाठी सजवलेला आहे. हे मी रागाने म्हणत नाही, तसा इतिहासच आहे.

स्वातंत्र्य मिळालं तरी अमेरिकनांची पुस्तकं इंग्रजच राहिली, आणि त्याचं एक कारण निव्वळ पैशाचं होतं. परदेशी लेखकाच्या पुस्तकाला अमेरिकेत १८९१ पर्यंत कॉपीराइटचं संरक्षण नव्हतं. स्वदेशी लेखकाला पैसे द्यावे लागत आणि इंग्रज लेखकाची कादंबरी फुकट छापता येई, मग प्रकाशक काय छापणार? चार्ल्स डिकन्स १८४२ साली अमेरिकेत आला तेव्हा लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. त्याने या फुकट छपाईबद्दल जाहीरपणे तक्रार केली, तेव्हा तिथल्याच वर्तमानपत्रांनी त्याच्यावर टीकेची झोड उठवली. अमेरिकन मुलांच्या कित्येक पिढ्या अशा स्वस्त इंग्रज कादंबऱ्यांवर वाढल्या. लहानपणी वाचलेल्या गावाची ओढ माणसाला आयुष्यभर राहते, मग ते गाव त्याने कधी पाहिलेलं नसलं तरी.

ही ओढ सगळ्यांनाच होती असंही नाही. १८४९ च्या मे महिन्यात न्यू यॉर्कच्या अ‍ॅस्टर प्लेसमध्ये नाटकावरून दंगल झाली. एका बाजूला इंग्रज नट मॅक्रेडी, दुसऱ्या बाजूला अमेरिकन नट फॉरेस्ट, आणि दोघांचंही नाटक शेक्सपिअरचंच, ‘मॅकबेथ’. मॅक्रेडीच्या नाट्यगृहात उंची कपड्यांतली श्रीमंत मंडळी आणि बाहेर दगड घेतलेले कामगार. सैनिकांनी गोळीबार केला, वीसहून जास्त माणसं मेली. इंग्रजी थाट मिरवणं ही श्रीमंतीची खूण आहे हे त्या गर्दीला नेमकं कळलेलं होतं. तुम्हाला आज जे बोचतं तेच त्यांना बोचत होतं.

त्यानंतर आल्या नवश्रीमंतांच्या मुली. रेल्वे, पोलाद आणि शेअरबाजारात अमाप पैसा केलेल्या बापांना पदवी हवी होती, आणि इंग्रज सरदारांच्या वाड्यांची छपरं गळत होती. जेनी जेरोम १८७४ साली लॉर्ड रँडॉल्फ चर्चिलच्या घरात गेली. विन्स्टन चर्चिल तिचाच मुलगा. कॉन्सुएलो व्हँडरबिल्टचं लग्न १८९५ साली आईच्या दडपणाखाली मार्लबरोच्या ड्यूकशी झालं आणि हुंड्यात २५ लाख डॉलरचे रेल्वेचे शेअर गेले. मार्लबरो घराण्याचा वाडा म्हणजे ब्लेनहाइम पॅलेस, त्याच्या डागडुजीला न्यू यॉर्कचा पैसा लागलाय. ते लग्न मात्र टिकलं नाही. हुंडा म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको, तेव्हा ही गोष्ट मुलीला तुम्हीच सांगा. तुमच्याइतकी ती कुणाला पोटातून सांगता येणार नाही.

टीव्हीची गोष्टही याच अंगाने जाते. ब्रिटिश मालिका आठवड्याला एक भाग या हिशेबाने अमेरिकन घरांत पोचवणारा ‘मास्टरपीस थिएटर’ हा कार्यक्रम बॉस्टनच्या सार्वजनिक वाहिनीने जानेवारी १९७१ मध्ये सुरू केला. त्याचा खर्च मोबिल ही अमेरिकन तेल कंपनी उचलत असे. प्रास्ताविक करायला खुर्चीत बसलेले अ‍ॅलिस्टर कुक जन्माने इंग्रज, पण १९४१ पासून अमेरिकन नागरिक. तुमच्या मुलीची आवडती असणार ती ‘डाउनटन अ‍ॅबी’ या मालिका-परंपरेचीच सहनिर्मिती. त्या कथेतला वाडासुद्धा एका अमेरिकन वारसदारिणीच्या पैशावर तगलेला दाखवलाय. पैसा अमेरिकेचा, वाडा ब्रिटनचा, आणि प्रेक्षक पुन्हा अमेरिकेचा. लंडन ब्रिज तर १९६८ साली एका अमेरिकन उद्योगपतीने २४,६०,००० डॉलरला विकतच घेतला. त्याचे दगड क्रमांक घालून जहाजाने नेले आणि अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात, लेक हवासू सिटीत, १९७१ साली तो पुन्हा उभा केला. तो आजही तिथे आहे.

संगीतात याच्या उलट झालं, आणि मला ती गोष्ट फार लागते. ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स अमेरिकन टीव्हीवर आले आणि सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी त्यांना पाहिलं. त्यांच्यामागून रोलिंग स्टोन्स आले. त्यांचं नावच मुळी शिकागोचा कृष्णवर्णीय गायक मडी वॉटर्स याच्या गाण्यावरून घेतलेलं. स्टोन्सनी ते कधी लपवलं नाही. १९६५ मध्ये एका अमेरिकन कार्यक्रमात आम्हाला बोलावायचं तर शिकागोच्याच हाउलिन वुल्फ या कृष्णवर्णीय गायकालाही बोलवा, असा त्यांनी आग्रह धरला. पण विचार करा, शिकागोच्या साउथ साइडला, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, जे रोज रात्री वाजत होतं ते गोऱ्या अमेरिकन पोरांना लंडनहून परत आल्यावर ऐकू आलं. या वेडाची खरी किंमत मला इथे दिसते. दूरच्या माणसाचा आवाज गोड लागतो आणि शेजारच्याचा ऐकूच येत नाही. तुमच्या मीटिंगमध्येही हेच होतंय. तिकडे मी येतेच, आधी मुलीचं आणि आजोबांचं बोलू.

सगळ्या पत्रात आजोबांबद्दल एकच वाक्य आहे. मुलीला तिच्या पणजोबांची गोष्ट नीट, बसून, कधी सांगितलीत का? साताऱ्याकडच्या गावांमध्ये १९४३ पासून नाना पाटलांच्या माणसांनी स्वतःची न्यायमंडळं चालवली, सावकारांना वठणीवर आणलं, ब्रिटिशांच्या नाकावर टिच्चून सरकार उभं केलं. सतरा वर्षांच्या मुलीला हे कुठल्याही डिटेक्टिव्ह मालिकेइतकं थरारक वाटेल. अट एकच, ते तिच्या आवडीवर डागायची तोफ म्हणून सांगू नका. टीव्ही बंद करून सांगू नका. एखाद्या रविवारी, तुमच्या आईला फोन लावून, फोटो असतील तर काढून सांगा.

आणि दोन देशांचा इतिहास तिला जोडून दाखवा, कारण तिच्या शाळेत तो तुटक शिकवला जातो. १६ डिसेंबर १७७३ ला बॉस्टनच्या बंदरात चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात टाकल्या हे तिला पाठ असेल. तो चहा कुणाचा होता? ईस्ट इंडिया कंपनीचा. माल चीनचा, कंपनी तीच जी तेव्हा बंगाल पिळत होती. १७७० चा भयंकर दुष्काळ नुकताच होऊन गेला होता, कंपनी कर्जात बुडाली होती, आणि तिला वाचवण्यासाठी पार्लमेंटने तिचा साठलेला चहा अमेरिकेत थेट विकायची मुभा दिली. त्यावरून ठिणगी पडली. पुढे १७८१ ला यॉर्कटाऊनला कॉर्नवॉलिसच्या फौजेने वॉशिंग्टनपुढे शस्त्रं ठेवली. अमेरिकन पाठ्यपुस्तकात तो माणूस तिथेच नाहीसा होतो. तो गेला कुठे? पाच वर्षांनी तो कलकत्त्याला गव्हर्नर जनरल होऊन आला. त्याने टिपूला नमवून त्याची दोन मुलं ओलीस ठेवली (त्या मोहिमेत पेशव्यांची फौज त्याच्या बाजूने होती, हेही तिला सांगा, लपवू नका), बंगालात कायमधारा (जमिनीचा सारा कायमचा ठरवून टाकणारी पद्धत) लावला, आणि १८०५ साली गाझीपूरला मेला. त्याची कबर तिथे आहे. आणखी एक. येल विद्यापीठाला ज्याचं नाव आहे तो एलिहू येल मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जचा कंपनीचा मुख्य होता. गैरव्यवहाराच्या आरोपांवरून त्याचं पद गेलं. १७१८ साली त्याने कनेक्टिकटच्या त्या छोट्या कॉलेजला पुस्तकं आणि मालाचे गठ्ठे पाठवले, ते विकून पैसे उभे राहिले आणि कॉलेजने त्याचं नाव लावून घेतलं. म्हणजे ब्रिटन, अमेरिका आणि आपण अशी ही तिघांची गोष्ट पहिल्यापासूनच आहे. टीव्हीवरच्या वाड्यात आपण तेवढे दिसत नाही.

ब्रिटनमधल्या लोकांनी स्वतःच आता हे शोधायला घेतलंय. जुने वाडे सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्टने सप्टेंबर २०२० मध्ये अहवाल काढला आणि आपल्या ताब्यातल्या ९३ जागांचा वसाहतींशी किंवा गुलामगिरीशी संबंध असल्याचं मांडलं. त्यावरून तिथे मोठा गदारोळ झाला, तरी अहवाल निघाला. वेल्समधल्या पोविस किल्ल्यात क्लाइव्ह घराण्याने नेलेला टिपूचा तंबू आजही पाहायला मिळतो.

आता ज्याचं कौतुक खरोखर करावं ते सांगते, कारण तुमच्या मुलीची नजर अगदीच चुकलेली नाही. बॉस्टनमध्ये गुलाम असलेल्या फिलिस व्हीटलीच्या कविता अमेरिकेत कुणी छापेना, तेव्हा त्या १७७३ साली लंडनमध्ये छापल्या गेल्या. फ्रेडरिक डग्लस गुलामीतून पळालेला होता. मालक पकडून नेईल या भीतीने तो १८४५ साली तिकडे गेला, आणि तिथल्या स्नेह्यांनी पैसे गोळा करून पुढच्या वर्षी त्याला कायद्याने स्वतंत्र केलं. साम्राज्य चालवणाऱ्या देशातच ही माणसंही होती, आणि तिला तीही माहीत हवीत. महायुद्धाने खिळखिळ्या झालेल्या देशाने ५ जुलै १९४८ ला सगळ्यांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू केली. अमेरिकेत आजारी पडणं काय असतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. राष्ट्रीय संग्रहालयांत फुकट जाता येतं, ब्रिटिश म्युझियममधली आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं बघायला एक पैसा पडत नाही (ती तिथे असावीत का, हा प्रश्न तिने तिथेच उभं राहून विचारावा). स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने माणसाला दुसऱ्याच्या मालकीच्या बहुतेक रानावनातून, डोंगरावरून जबाबदारीने फिरायचा हक्क आहे. पेनसिल्व्हेनियात जागोजागी ‘खासगी मालमत्ता’ची पाटी वाचत वाढलेल्या मुलीला हे नवल वाटेल. आणि केकची स्पर्धा ती बघतेच, तर २०१५ ची विजेती नादिया हुसेन ही बांगलादेशी कुटुंबातली, लूटन गावात वाढलेली. पुढच्या वर्षी राणीच्या नव्वदाव्या वाढदिवसाचा केक तिने केला. आजचा ब्रिटन हा आहे. वाड्यांपेक्षा मला तो कितीतरी जास्त आवडतो.

परक्याचं कौतुक कसं करावं याचे चांगले धडे आपल्याकडेच आहेत. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, कारण त्यांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली होती, आणि आपल्या लोकांनीही शूद्रातिशूद्रांसाठी तसं करावं असं फुल्यांना वाटत होतं. आगरकरांनी १८८२ साली इंग्रज सरकारच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले आणि पुढच्याच वर्षी त्यांचं ‘हॅम्लेट’चं मराठी रूपांतर ‘विकारविलसित’ आलं. आंबेडकर न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातही शिकले आणि लंडनलाही, आणि दोन्हीकडून जे हवं ते इथल्या कामासाठी घेऊन आले. यांच्यापैकी कुणी भारावून गेलं नाही आणि कुणी तोंडही फिरवलं नाही. मुलीला ‘तुला ते का आवडतं?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘तिथून तू काय घेणार आणि त्याचं काय करणार?’ हे विचारा. उत्तर लगेच नाही आलं तरी चालेल.

ऑफिसचं मात्र असं सबुरीने घेऊ नका.

ज्या उच्चारांना तुमचे सहकारी भुलतात ते ‘मूळ’ इंग्रजी नव्हेच. वसाहती वेगळ्या झाल्या तेव्हा इंग्लंडातही बहुतेक लोक शब्दातला ‘र’ स्पष्ट उच्चारत होते. तो गाळायची रीत दक्षिण इंग्लंडमध्ये बोकाळली आणि प्रतिष्ठित झाली ती नंतर. अमेरिकनांनी या बाबतीत जुनंच जपलं. आणि खुद्द ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅम, लिव्हरपूलच्या बोलीवरून माणसाची पायरी ठरवतात. बीबीसीने १९४१ साली यॉर्कशरच्या विल्फ्रेड पिकल्सला बातम्या वाचायला बसवलं, तेव्हा त्याच्या बोलण्यावरून तक्रारी आल्या होत्या. तेव्हा त्या लंडनच्या सहकाऱ्याला उच्चारांचं हे राजकारण बाकी टीमपेक्षा जास्त कळत असणार. माणूस चांगला आहे असं तुम्हीच म्हणता. त्याला बाजूला घेऊन सरळ सांगा: ‘माझा मुद्दा तुझ्या तोंडून आला की पटतो, हे तुझ्या लक्षात आलंय का? पुढच्या वेळी तो माझा होता असं तिथल्या तिथे म्हणशील का?’ बहुतेक माणसं याला नाही म्हणत नाहीत.

मीटिंगच्या आदल्या दिवशी तुमचा मुद्दा चार ओळींत सगळ्यांना ईमेलने पाठवा, म्हणजे तो कुणाचा यावर वाद राहणार नाही. ‘पुन्हा सांगशील का?’ आलं की बिचकून भरभर बोलू नका. त्याच वेगात, त्याच शब्दांत पुन्हा सांगा. तारीखवार नोंद ठेवा आणि साहेबांशी बोलताना ‘मला डावललं जातं’ असं मोघम न म्हणता तीन प्रसंग पुढे ठेवा. बढती किंवा काम उच्चारांमुळे नाकारलं गेलं, तर १९६४ चा नागरी हक्क कायदा तुमच्या बाजूने उभा राहू शकतो. काम करण्यात खरी अडचण येत नसेल तर केवळ उच्चारांवरून डावलणं हा मूळ देशावरून केलेला भेदभाव मानला जाऊ शकतो. तिथवर जायची वेळ येऊ नये, पण हक्क माहीत असावा. उच्चार सुधारायच्या क्लासचं कुणी सुचवलं तर माझं मत विचाराल तर जाऊ नका. तुमचं इंग्रजी कळतं म्हणूनच तुम्हाला तिथे घेतलंय.

राहिलं सेंट अँड्रूज. यजमान म्हणतात तसं ‘वय आहे’ म्हणून यावर पडदा टाकू नका. हे वेड नाही, हा अर्ज आहे. इंग्लंडात पदवी साधारण तीन वर्षांची आणि स्कॉटलंडात चार, त्यामुळे अमेरिकेतून जाणाऱ्या मुलांना स्कॉटलंड जवळचं वाटतं, पण परदेशी विद्यार्थ्यांची फी बरीच असते. खर्चाचा कागद तिलाच करायला लावा. तुमच्याच शहराशी त्या विद्यापीठाचं नातंही आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि राज्यघटना, दोन्हींवर ज्यांच्या सह्या आहेत त्या मोजक्यांपैकी एक जेम्स विल्सन. तो सेंट अँड्रूजजवळचा, तिथेच शिकला आणि फिलाडेल्फियाला येऊन वकील झाला.

तिच्याबरोबर तिथे एकदा जाऊन या, आणि टे नदीच्या पलीकडे डंडीलाही जा. बंगालचा ताग त्या गावात जाई आणि तिथल्या गिरण्यांत तो विणणाऱ्या कामगारांमध्ये बायकांचा भरणा होता. व्हर्डंट वर्क्स ही जुनी गिरणी आता संग्रहालय आहे. परतताना लंडनला १० किंग हेन्रीज रोड गाठा, आंबेडकर विद्यार्थी असताना तिथे राहत. ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतलं आणि तिथे आता स्मारक आहे. शक्य असेल तर डिसेंबरच्या सुट्टीत जा. तेव्हा सेंट अँड्रूजला दुपारी साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो आणि समुद्रावरून बोचरा वारा येतो. चार वर्षं राहायचं तर गाव तिने त्या दिवसांत पाहिलेलं बरं. त्यानंतरही जायचं म्हणाली तर जाऊ द्या, आणि ऑफिसात काय झालं ते मला नक्की कळवा.

तुमची,
ताई